मांडव घालण्याआधी

सप्टेंबरातल्या एका सोमवारी सकाळी शाळेच्या मागच्या अंगणात गेलो, तर मांडव आडवा झालेला. रविवारी रात्री पाऊस झाला होता, वाराही होता. चारही कोपऱ्यांचे बांबू आतल्या बाजूला कलले होते आणि दुधीचे वेल, तारा, सुतळ्या यांचा एकच गुंता मधोमध पडला होता. सातवीच्या मुलींनी शेणखत घालून, पानांवरचे किडे वेचून वाढवलेले वेल होते ते. त्यांच्यातली एक म्हणाली, "सर, आपण तर तार अगदी घट्ट ओढली होती. मग पडलं कसं?"

प्रश्न बरोबर होता आणि आम्हाला त्या क्षणी उत्तर देता आलं नाही. घरी येऊन कागदावर आकृती काढली तेव्हा लक्षात आलं, की तार घट्ट ओढली होती म्हणूनच मांडव पडला होता. त्याचा हिशेब पुढे देतो. पण त्याच हंगामात आणखी एक गोष्ट बिनसली होती. कारल्याला आम्ही मनगटाएवढ्या जाडीचे गुळगुळीत बांबू लावले होते आणि ते वेल बांबूकडे ढुंकूनही न पाहता जमिनीवरच पसरले. वेलाला नेमका कसला आधार लागतो याचा विचारच आम्ही केला नव्हता.

शाळेत परसबाग करण्याविषयी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना २०१९ साली निघाल्या. तेव्हापासून बऱ्याच शाळांनी वाफे केले आहेत. वाफे, बी, खत यांची माहिती सहज मिळते, पण वेलभाज्यांपाशी आलं की बहुतेक ठिकाणी एकच वाक्य असतं : 'वेलांना योग्य आधार द्यावा.' योग्य म्हणजे कोणता, ते वेलालाच विचारायला हवं.

वेल चढतो कसा?

भाजीच्या वेलांचे चढण्याच्या पद्धतीवरून दोन मोठे गट पडतात. वाल, पावटा, उंच वाढणारा घेवडा, चौधारी घेवडा, मायाळू हे वेल आपलं खोडच आधाराभोवती गुंडाळतात. दुधी, दोडका, घोसाळं, कारलं, पडवळ, काकडी, तोंडली यांना मात्र तणावे फुटतात आणि त्या तणाव्यांनी ते आधार पकडतात. वाटाण्यालाही तणावे असतात, फक्त तिथे पानाच्या टोकाकडच्या पर्णिकांचेच तणावे झालेले असतात. टोमॅटो या दोन्हींत बसत नाही. त्याला चढता येतच नाही, आपण बांधू तेवढाच तो उभा राहतो.

पहिल्या गटाचा शेंडा कधी स्वस्थ नसतो. वालाच्या कोवळ्या शेंड्याशेजारी एक काडी रोवा आणि दर अर्ध्या तासाला शेंडा कोणत्या दिशेला आहे ते मुलांना टिपायला सांगा. शेंडा हवेत गोल फिरताना दिसेल. फिरता फिरता काठी आडवी आली की पुढचा भाग तिच्याभोवती वळतो आणि वेढे पडत जातात. चार्ल्स डार्विन आजारपणामुळे खोलीत अडकून पडला होता तेव्हा हॉप नावाच्या वेलाची कुंडी त्यानं त्याच खोलीत ठेवली होती आणि शेंड्याच्या फेऱ्या रात्रंदिवस मोजल्या होत्या. वेलींच्या हालचालींवरचा त्याचा मोठा निबंध १८६५ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी फारशी उपकरणं लागली नव्हती. घड्याळ, काडी आणि चिकाटी एवढ्यावर त्यातले कितीतरी प्रयोग आजही शाळेत करता येतात.

उजव्या हाताचा अंगठा वर करून मूठ वळा. बोटं ज्या दिशेनं वळली आहेत त्या दिशेनं वाल चढतो. म्हणजे वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट. हॉप नेमका याविरुद्ध फिरतो, पण तो अल्पमतात आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जगातल्या वेगवेगळ्या देशांतले गुंडाळणारे वेल तपासले, तेव्हा सुमारे ९२ टक्के वेल वालाच्याच दिशेनं चढणारे निघाले. विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि दक्षिणेला यात फरक नव्हता. तेव्हा हे सूर्यामुळे होतं असं कोणी सांगितलं तर मुलांना हा पुरावा द्या. बागेतही याचा उपयोग आहे. वाऱ्यानं सुटलेला वालाचा शेंडा आपण पुन्हा काठीला गुंडाळतो, तेव्हा तो उलट्या दिशेनं गुंडाळला तर दुसऱ्या दिवशी सुटलेला दिसतो.

अशा वेलांना उभा, बारीक आणि जरा खडबडीत आधार हवा. अंगठ्याएवढ्या जाडीची काठी पुरते. खांब जाड असेल तर शेंड्याची फेरी त्याला कवेत घेऊ शकत नाही. आडव्या तारांचा तर त्याला उपयोगच नाही, कारण त्याला वर जायचं असतं. वालाला तारेचा मांडव घालून द्यायचा आणि मग वेल मांडवापर्यंत पोचतच नाही म्हणून कुरकुर करायची, हे आम्ही एकापेक्षा जास्त शाळांत पाहिलं आहे. मांडवापासून जमिनीपर्यंत एक सुतळी सोडली असती तरी काम झालं असतं.

तणाव्यांची गोष्ट अधिक गमतीची आहे. काकडीचा किंवा कारल्याचा सरळ, कोवळा तणावा निवडा आणि टोकाजवळ एका बाजूनं काडीनं हलकेच घासा. काही मिनिटांत तो त्या बाजूला वळू लागतो. स्पर्श झालेल्या बाजूपेक्षा पलीकडची बाजू जास्त लांबते, म्हणून हे वळण. मात्र पावसाचे थेंब पडून तणावा वळून बसत नाही. डार्विननं हेही तपासलं होतं. थेंबालाही तणावा वळला असता, तर श्रावणात एकाही वेलाला काही पकडता आलं नसतं.

आधार पकडल्यावर एक-दोन दिवसांत तणाव्याचा मधला भाग स्प्रिंगसारखा वळतो आणि वेलाला आधाराकडे ओढून घेतो. आता भिंगातून नीट पाहा. अर्धे वेढे एका दिशेनं असतात, मग एक सरळ तुकडा येतो आणि उरलेले अर्धे वेढे उलट दिशेनं. असं का? तणाव्याची दोन्ही टोकं आता पक्की बांधलेली असतात. दोन्ही टोकं धरलेल्या फितीला मधेच पीळ घालायचा असेल, तर जेवढे वेढे उजवे तेवढेच डावे पडावे लागतात, नाहीतर फीत पिळवटेल. मुलांना रिबिनीवर करून पाहू द्या. एरवी दहा मिनिटं व्याख्यान देऊन न पटणारी गोष्ट हातात लगेच पटते. आधार न सापडलेले तणावेही म्हातारे झाले की वळतात, पण त्यांचं एक टोक मोकळं असतं, म्हणून त्यांचे सगळे वेढे एकाच दिशेनं असतात. दोन्ही प्रकारचे तणावे वेचून आणून वहीत चिकटवले की एक चांगला तक्ता तयार होतो. २०१२ साली काकडीच्या तणाव्यांवर झालेल्या संशोधनात असं दिसलं, की आत तंतूंच्या पेशींची एक पट्टी असते आणि तिची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त आकसते, त्यामुळे वेढे पडतात. जून तणावा ओढला तर तो आधी उलगडण्याऐवजी आणखी वेढे घेतो. थोड्या ओढीला मऊ आणि मोठ्या ओढीला ताठ अशी ही स्प्रिंग आहे. वाऱ्याच्या झोतात वेल तुटत नाही तो तिच्यामुळे.

यावरून आमच्या कारल्यांचं कोडं सुटतं. तणाव्याला बारीक वस्तूच धरता येते : तार, सुतळी, काडी, फार तर पेन्सिलीच्या जाडीची फांदी. मनगटाएवढा गुळगुळीत बांबू त्याच्या दृष्टीनं भिंतच. जाड खांब मांडव पेलण्यासाठी असतात, वेलाला चढण्यासाठी नसतात. खांबाला काट्याकुट्यांची डहाळी बांधून दिली की तोच वेल सरसर चढतो. कोकणातले शेतकरी पावसाळी पडवळ-काकडीच्या मांडवाखाली वेलाशेजारी झुडपाची वाळकी फांदी रोवतात. आम्ही पूर्वी तिला नुसता पालापाचोळा समजत होतो.

मांडव की ताटी?

दुधी, दोडका, पडवळ यांना मांडव बरा. फळ खाली लोंबतं, आपल्याच वजनानं सरळ वाढतं, ओल्या मातीला लागून सडत नाही आणि मुलांना खालून दिसतं. पडवळ सरळ यावं म्हणून टोकाला खडा बांधतात, तो गुरुत्वाकर्षणाचा सर्वांत स्वस्त प्रयोग आहे. कारलं, काकडी, वाल, वाटाणा यांना उभी ताटी चालते, जागाही कमी लागते. लाल भोपळ्याला तणावे असले तरी त्याला जमिनीवरच पसरू द्यावं. पाच-सात किलोची फळं मांडवावर, आणि मांडवाखाली मुलं, हे आम्हाला पसंत नाही.

पहिल्याच वर्षी ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी मांडव घालूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सहा फूट उंचीची आणि दहा फूट लांबीची एक ताटी करावी, तिच्यावर अर्ध्या भागात वाल आणि अर्ध्यात कारलं लावावं. दोन्ही चढण्याच्या पद्धती एका ठिकाणी पाहायला मिळतात आणि पडली तरी नुकसान थोडं.

ताटी कुठे उभी करायची हा भूगोलाचा प्रश्न आहे. पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश उत्तर. २२ डिसेंबरला सूर्य साडेतेवीस अंश दक्षिणेवर असतो, म्हणजे भर दुपारीही तो क्षितिजापासून ४८ अंशांवरच येतो. त्या वेळी सहा फुटी ताटीची सावली उत्तरेला जवळजवळ साडेपाच फूट पडते. पूर्व-पश्चिम ताटीच्या उत्तरेला मेथी-कोथिंबिरीचा वाफा केला, तर त्याला हिवाळाभर ऊन मिळणार नाही. म्हणून ताटी बागेच्या उत्तर कडेला तरी उभारावी, नाहीतर दक्षिणोत्तर तरी. आपल्या गावाचा अक्षांश घेऊन हे गणित मुलांकडून करून घ्या आणि डिसेंबरात काठी उभी करून ताडून पाहा.

घट्ट तारेचा हिशेब

आता पडलेल्या मांडवाकडे वळू. दोन खांबांमध्ये तीन मीटर अंतर आहे आणि मधोमध दहा किलो वजन टांगलं आहे असं समजा. तारेचे दोन्ही अर्धे भाग मिळून हे वजन पेलतात, म्हणजे प्रत्येकानं पाच किलोइतकं बल वरच्या दिशेनं द्यायला हवं. पण तार जवळजवळ आडवी आहे. तिच्या ताणाचा अगदी थोडा अंशच वर ओढतो, बाकीचा सगळा खांबांना आडवा ओढत राहतो. समरूप त्रिकोण वापरून हा ताण काढता येतो : वजन गुणिले खांबांमधलं अंतर, भागिले झोळाची चौपट. तार ३० सेंटिमीटर झोळली तर ताण सुमारे २५ किलो भरतो. १५ सेंटिमीटर झोळली तर ५० किलो. आणि आमच्यासारखी घट्ट ओढून पाचच सेंटिमीटर झोळू दिली, तर १५० किलो! वजन मात्र तेच, दहा किलो. झोळ अजिबात नको म्हटलं तर ताण अनंत लागेल, म्हणजे ते शक्यच नाही. आमच्या मांडवावर दुधी होते, पावसानं भिजलेली पानं होती. कोपऱ्याचे बांबू आत ओढले गेले यात नवल नाही.

वर्गात हे दाखवायला दोन तानकाटे, दोरी आणि एक वजन पुरतं. तानकाटे नसतील तर दोन दांडगी मुलं दोरीची टोकं धरून ती सरळ ठेवण्याचा प्रयत्न करतील आणि सर्वांत लहान मुलगी एका बोटानं दोरी मधोमध दाबेल. दांडगी मुलं हरतात. हा प्रयोग वर्ग पुन्हा पुन्हा करायला लावतो.

उपाय दोन. तारेला वीतभर झोळ ठेवावा. आणि कोपऱ्याचे खांब जरा बाहेरच्या बाजूला कलते पुरून त्यांना बाहेरून ताण द्यावा, म्हणजे खांबाच्या डोक्यापासून जमिनीतल्या खुंटीपर्यंत तार बांधावी. तंबूच्या दोरीला तणावा म्हणतात ते यासाठीच. वेलाच्या आणि तंबूच्या दोरीला भाषेनं एकच शब्द दिला आहे, ते उगाच नव्हे.

ताटीची अडचण निराळी, तिला वारा पाडतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मीटर-सेकंदात मोजलेल्या वेगाच्या वर्गाला ०.६ नं गुणलं की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाच्या वाऱ्यात हा दाब १३५ न्यूटन होतो. तीन मीटर लांब आणि १.८ मीटर उंच ताटी पानांनी गच्च भरली असेल, तर तिच्यावर सुमारे ७३० न्यूटन, म्हणजे ७४ किलो वजनाइतकं बल पडतं. पानांतून वारा आरपार जातो, म्हणून प्रत्यक्षात बरंच कमी धरू. तरी कारल्यांच्या वजनापेक्षा ते कितीतरी जास्त, आणि आडवं. आठ फुटी खांब असेल तर दोन फूट जमिनीत हवाच. काळ्या मातीत नुसता खड्डा करून भागत नाही, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खड्ड्यात मुरूम आणि दगड ठासून भरावेत.

सामान कुठून आणायचं?

दुकानात जाण्याआधी गावात फिरावं. तुरीच्या पट्ट्यात तुराट्या फुकट मिळतात आणि वालाला, वाटाण्याला त्या उत्तम. पऱ्हाट्याही तितक्याच सहज मिळतात, पण त्या आम्ही टाळतो. कापसाच्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत दडून राहते. शेतकऱ्यांना पऱ्हाट्या साठवू नका म्हणून सांगायचं आणि शाळेनंच त्या रचून ठेवायच्या, हे बरं नाही.

खांबांसाठी बांबू. हातात धरता येईल असा, शक्यतो भरीव घ्यावा. विदर्भाकडे मानवेल मिळतो, सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडे माणगा. तो बुडाकडे जवळजवळ भरीव असतो आणि त्याला काटे नसतात. कळक जाड खरा, पण पोकळ असतो. बुरूड बांधवांकडे गेलात तर घाईनं वरचे बांबू उचलू नका, त्यांना विचारा. तीन-चार वर्षांचा बांबू कोणता हे ते ठोकून सांगतात. कोवळ्या बांबूत पिष्ट आणि साखर जास्त, म्हणून त्याला भुंगा लागतो आणि पिठासारखी भुकटी गळू लागते. बांबू दोन-तीन आठवडे ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत आहे. त्यात साखर आणि पिष्टाचा काही भाग निघून जातो आणि भुंग्याला खायला उरत नाही. शाळेजवळ ओढा असेल तर जरूर करावं. गणेशोत्सवानंतर मंडपवाल्यांकडे मोडके बांबू स्वस्तात मिळतात. लांब खांबांना नाही, पण आडव्या कामट्यांना ते चालतात.

एक शंका नेहमी येते : कुणाच्या बांधावरचा बांबू तोडून आणला तर वनखातं अडवील का? १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होती, त्यामुळे ही भीती खरी होती. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू त्या व्याख्येतून वगळला गेला. जंगलातल्या बांबूची गोष्ट वेगळी. तिथे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला आपल्याच बांबूच्या वाहतुकीचे परवाने २०११ साली, दीर्घ झगड्यानंतर मिळाले. नागरिकशास्त्राच्या तासाला ही हकिगत सांगण्यासारखी आहे.

खांब कुजतो तो जमिनीच्या पातळीवरच. वर हवा असते पण ओल टिकत नाही, खोल ओल असते पण हवा कमी. बुरशीला दोन्ही लागतात आणि ती तिथेच मिळतात. पुरायचा भाग आणि वर वीतभर डांबर लावावं. जळकं इंजिन तेल भाजीच्या बागेत नको.

तार घेताना जस्ताचा मुलामा असलेली घ्या. आकडा वाढला की तार बारीक होते हे मुलांना उलटं वाटतं. १२ गेजची तार सुमारे २.६ मिलिमीटर जाड, १४ गेजची दोन मिलिमीटर. कडेला १२, मध्ये १४ पुरे. मधल्या चौकटी सुतळीनं किंवा काथ्यानं विणाव्यात. सुतळी पावसाळ्यात काही महिन्यांत कुजते. काथ्यात लिग्निन खूप जास्त, म्हणून तो जास्त टिकतो. दोन्हींचा मोठा फायदा हंगामाअखेर कळतो : वाळलेले वेल सोडवत बसावं लागत नाही, सगळं कापून सरळ खतखड्ड्यात.

नायलॉनची जाळी टिकाऊ म्हणून दुकानदार तीच पुढे करतो. तिच्यातून वाळके तणावे सोडवायला एकदा बसून पाहा. शिवाय उन्हानं ती ठिसूळ होऊन तिचे तुकडे मातीत पडतात. आमच्या माहितीतल्या एका शाळेत बारीक जाळीत धामण अडकली आणि सर्पमित्र येईपर्यंत दोर तिच्या अंगात रुतला होता. जाळी घ्यायचीच असेल तर मूठ आरपार जाईल एवढी मोठी घ्या आणि जमिनीपासून फूटभर वर ठेवा.

जिवंत खांबही होतात. पानमळ्यात नागवेलीसाठी शेवरी, हादगा, पांगारा, शेवगा लावतात. शाळेच्या कुंपणाला शेवग्याच्या किंवा गिरिपुष्पाच्या फांद्या जूनमध्ये रोवल्या, तर दोन वर्षांनी तोंडलीच्या वेलाला कायमचा आधार मिळतो. तोंडली वर्षानुवर्षं टिकते, तिला दर साली मोडणारी ताटी सोयीची नाही.

दुसरा मांडव आम्ही पुढच्या जूनमध्ये घातला. बांबू थोडे बाहेर कलते, बाहेरून ताण, तारेला झोळ. बी टोचण्याआधी, आदल्या वर्षी प्रश्न विचारणारी मुलगी पाण्यानं भरलेली बादली घेऊन आली. सातवीतून ती आता आठवीत गेली होती. बादली तिनं मधल्या तारेला टांगली. तार वीतभर खाली आली, कोपऱ्याचा बांबू हलला नाही. तिनं पट्टीनं झोळ मोजला, वहीत भागाकार केला आणि दुसरी बादली आणायला गेली.